'अंकुश'मधली प्रार्थना आणि बेताच्या पैशांतल्या मारधाडपटांचं संगीत

नाक्यावरचा

'इतनी शक्ति हमें देना दाता' ज्या चित्रपटातून आलं त्याची गोष्ट अशी आहे. नाक्यावर बसून टवाळक्या करणारी चार बेकार पोरं. वस्तीत राहायला आलेली एक मुलगी त्यांना माणसात आणते. मग तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो, कोर्टात आरोपी सुटतात, ती जीव देते. चौघं मिळून त्या आरोपींचा काटा काढतात आणि फासावर जातात. (चित्रपट १९८६चा आहे. आता स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका.)

हा 'अंकुश'. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपले चंद्रशेखर नार्वेकर. गुलजारांच्या हाताखाली उमेदवारी केलेली, संकलनाच्या टेबलावर हात बसलेला, आणि हा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. नाना पाटेकर तेव्हा नाटकवाल्यांना माहीत, हिंदीच्या प्रेक्षकाला फारसा नाही. सोबत मदन जैन, अर्जुन चक्रवर्ती आणि सुहास पळशीकर (अभिनेते, राज्यशास्त्रवाले नव्हेत). नायिका निशा सिंह. पोस्टरवर नाव वाचून कुणी तिकीट काढेल असं यात एकही नाही. पैसा काही लाखांतला. तो कुठे कुठे वाचवलाय हे प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं, आणि ते लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही.

मला बोलायचंय ते संगीताबद्दल. त्या काळी मारधाडपटाला गाणी कशी लागायची ते आठवा. खलनायकाच्या अड्ड्यावर एक नाच, बागेत एक युगुलगीत, दारूच्या नशेत एक, आणि आईसाठी एक. 'अंकुश'चे संगीतकार कुलदीप सिंह. १९८२ च्या 'साथ साथ'मधलं 'तुमको देखा तो ये खयाल आया' यांचंच. गजलेच्या वाटेने आलेला, इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीच्या नाटकांत रमलेला माणूस. गीतकार अभिलाष. सुरीबंदुकीच्या सिनेमासाठी कुणी यांच्याकडे जाईल असं वाटत नाही. त्यांनी काय दिलं, तर एक प्रार्थना.

आता ही प्रार्थना एवढी पसरली की चित्रपट मागे राहिला. शाळेच्या परिपाठात आहे, शिबिरात आहे, शोकसभेत आहे. म्हणणाऱ्यातल्या बहुतेकांना 'अंकुश' पाहिलेला नसतो, कित्येकांना तो होता हेही माहीत नसतं. यात कौतुक वाटण्यासारखं आहेच, पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. पहिल्या कडव्याचा शेवट आठवा. कुणाचं कुणाशी वैर नसो, मनात बदल्याची भावना नसो, असं मागणं आहे. आणि हे मागणं एका सूडपटात आहे! ज्या चित्रपटाचं सगळं इंजिन बदल्यावर चालतं, त्याचं मुख्य गाणं देवाला सांगतं की बदल्याची भावना तेवढी देऊ नकोस.

माझं म्हणणं असं की हे चुकून झालेलं नाही. बाकीच्या सूडपटांत संगीत नायकाच्या बाजूने उभं असतं. तो हात उगारतो तेव्हा पितळी वाद्यं वाजतात, तो मारतो तेव्हा आपण टाळ्या वाजवाव्यात अशी सोय केलेली असते. 'अंकुश'मधलं गाणं नायकांच्या बाजूने नाही, त्या मुलीच्या बाजूने आहे. पोरं तिच्यासाठी खून करतात, पण तिने मागितलेलं नेमकं मोडून. टाळ्या वाजवताना हे कुठेतरी टोचतं.

शिवाय असं गाणं मोठ्या बॅनरच्या चित्रपटात टिकलंच नसतं असा मला दाट संशय आहे. वितरक म्हणाला असता, प्रार्थना काढा, एखादी कव्वाली टाका.

मंडळींना काय वाटतं? आणि या जातीच्या, म्हणजे कमी पैशांतल्या हिंदी गुन्हेपटांतली तुमच्या लक्षात राहिलेली गाणी कोणती?

रेडिओवेडी

छान धागा. आवाजांबद्दल लिहायला हवं होतंत, ते मी लिहिते.

हे गाणं दोघींचं आहे, सुषमा श्रेष्ठ आणि पुष्पा पागधरे. सुषमा म्हणजे 'अंदाज'मधल्या 'है ना बोलो बोलो'मधला आणि 'क्या हुआ तेरा वादा'मधला तो लहान मुलाचा आवाज. पुढे नव्वदीत हीच पूर्णिमा नावाने गोविंदाच्या सिनेमांत 'सोना कितना सोना है' गात होती. म्हणजे परिपाठातली प्रार्थना आणि 'सोना कितना सोना है' एकाच गळ्यातून आलंय, हे पोरांना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

पुष्पाताई तर आपल्याच. 'आला पाऊस मातीच्या वासात गं' ज्यांनी रेडिओवर ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. राज्य सरकारचा २०१७चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं, 'या कोण?' मी म्हटलं, शाळेत रोज सकाळी यांनी गायलेल्या प्रार्थनेला उभे राहायचात की.

आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं की इथे लताबाई किंवा आशाबाई नाहीत. त्यांचा आवाज आला की गाणं लगेच 'पडद्यावरचं' होतं, आपण ऐकणारे होतो. इथे दोन साध्या बायकांच्या आवाजात ते येतं, त्यामुळे सोबत म्हणावंसं वाटतं. पैसे कमी होते म्हणून असं झालं की ठरवून, देव जाणे. झालं ते बरं झालं.

पिटातला प्रेक्षक

धागा मस्त, पण नाक्यावरचे राव, तुम्ही फार खोलात शिरलात. हे असले पिक्चर आम्ही पिटात, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागांवर, बसून पाहिलेत. गाणं लागलं की अर्धं थिएटर बिडी ओढायला बाहेर. 'अंकुश'ला काय वेगळं होणार? प्रार्थना आहे म्हणून काय लोक हात जोडून बसले होते?

मला विचाराल तर एन. चंद्रा हा हिशेबी दिग्दर्शक. 'अंकुश' १९८६, 'प्रतिघात' १९८७, 'तेजाब' १९८८. तीन वर्षांत कुठून कुठे! आणि 'तेजाब'ला हातात पैसा आल्यावर काय केलं? लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणले आणि 'एक दो तीन' केलं. तिथे नाही बरं प्रार्थना सुचली! म्हणजे जेव्हा परवडत नव्हतं तेव्हा प्रार्थना, परवडायला लागलं तेव्हा माधुरी. मी कुणाला दोष देत नाहीये, मीही 'एक दो तीन'लाच पैसे फेकले होते.

नाक्यावरचा

पिटातले साहेब, 'तेजाब'चा मुद्दा मान्य, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. पैसा आला की गाण्यावर बाजाराचा हक्क येतो. तरी 'एक दो तीन'ला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. चालीत बसवायला नुसते आकडे मोजले होते आणि जावेद अख्तरांनी ते तसेच ठेवले, असं सांगतात. जे पुढे अख्ख्या देशाने मोजलं.

आणि 'अंकुश'मध्ये पोरांचंही एक गाणं आहे हो, 'ऊपरवाला क्या माँगेगा हमसे कोई जवाब'. तिचं गाणं देवाकडे शक्ती मागतं, आणि यांचं म्हणतं की तो वरचा आमच्याकडे कसला जाब मागणार. एकाच चित्रपटात देवाशी दोन तऱ्हेचं बोलणं. हिशेबी माणसाला एवढा उपद्व्याप करायची काय गरज होती?

लगावली

माझा प्रांत छंदांचा, म्हणून तेवढंच बोलतो.

ओळ तोडून बघा: इत-नि-शक् / ती-ह-में / दे-न-दा / ता. गालगा, गालगा, गालगा, गा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). आपल्याकडे स्रग्विणी वृत्तात 'गालगा' चारदा येतो, इथे चौथा अर्ध्यावर सोडलाय. त्या शेवटच्या एकट्या 'गा'वर हवं तितकं थांबता येतं. शंभर पोरं एकत्र म्हणत असली की कुणी पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं, पण 'ता'वर सगळी येऊन मिळतात. मग पुढची ओळ पुन्हा एकत्र सुरू. समूहगानासाठी याहून चांगली सोय नाही.

शिवाय सबंध गाण्यात एकही देव नावाने येत नाही. 'दाता', बस्स. त्यामुळे कुठल्याही शाळेत कुणाला हरकत घ्यायला जागा नाही. अभिलाष २०२० मध्ये गेले तेव्हा बातम्यांमध्ये त्यांच्या नावापुढे या एकाच गाण्याचा उल्लेख होता. गीतकाराला एक गाणं असं मिळालं तरी पुष्कळ झालं.

मास्तरीणबाई

लगावलीकाका, 'ता'वर येऊन मिळतात हे अगदी खरं. परिपाठाला पेटी मीच वाजवते. मागच्या रांगेतली मोठी मुलं पुटपुटत असतात, पुढची चिमुरडी बेंबीच्या देठापासून ओरडत असतात, आणि 'दाताऽऽ' आलं की दोन्हीकडचे आवाज एक होतात. तोवर मी भात्यावर नुसता हात ठेवून असते. सूर फार वर चढत नाही, त्यामुळे आवाज फुटायच्या वयातली मुलंही लाजत नाहीत.

मला मात्र यात एक वेगळीच गंमत दिसते. आमच्याकडे परिपाठाला आलटून पालटून म्हणतात ते दुसरं हिंदी गाणं कोणतं? 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. तेही चित्रपटातलंच, 'दो आँखें बारह हाथ', १९५७. आणि त्यात कोण आहेत? खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले सहा कैदी! गोष्ट गदिमांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, संगीत वसंत देसाईंचं, शब्द भरत व्यासांचे. मुळातला प्रयोग आपल्या औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या मोकळ्या तुरुंगाचा. म्हणजे आपल्या लेकरांच्या तोंडी रोज ज्या दोन प्रार्थना आहेत, त्या दोन्ही खुन्यांच्या चित्रपटांतून आल्या. तिसरी 'हमको मन की शक्ति देना' तेवढी 'गुड्डी'तली, खऱ्याखुऱ्या शाळेतली. पुन्हा वसंत देसाईच, शब्द गुलजारांचे, आवाज वाणी जयराम यांचा. आणि वर धागाकर्त्यांनी म्हटलंय तसं चंद्रा हे गुलजारांच्याच हाताखालचे. धागेदोरे असे जुळतात.

वाचनमात्र

+१. वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या अजून.

तिसरी घंटा

प्रार्थनेवरून जरा गाडी मूळ विषयावर आणतो. धाग्याच्या शीर्षकात मारधाडपटांचं संगीत आहे ना?

माझ्या मते या जातीचा सगळ्यात धीट निर्णय 'अंकुश'चा नाही, 'अर्धसत्य'चा आहे. १९८३. गोविंद निहलानी. कथाकार पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि गाणी शून्य. गाण्याच्या जागी दिलीप चित्र्यांची कविता. ओम पुरी ती वाचायला घेतो, थट्टेच्या सुरात सुरुवात करतो, आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की हे आपल्याबद्दल आहे. आवाज बदलत जातो. पार्श्वसंगीताने जे काम केलं असतं ते निव्वळ आवाजाने होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एवढा एक प्रसंग तरी पाहा. सदाशिव अमरापूरकरांचा खलनायक रामा शेट्टी बोनस.

दुसरं टोक 'सत्या', १९९८. तोही कमी पैशांतला, अनोळखी चेहऱ्यांचा. पण गाणी भरपूर. विशाल भारद्वाज आणि पुन्हा गुलजार (हा माणूस गुन्हेपटांची पाठ सोडत नाही). गाणी घालायला निमित्त हवं म्हणून नायिकेलाच गायिका व्हायचंय. चलाखी आहे, पण चालून जाते. 'सपने में मिलती है' लग्नातलं आहे म्हणून अंगात येतं, मनोज वाजपेयी आणि शेफाली छाया तिथे नवराबायकोच वाटतात. 'गोली मार भेजे में' ही टोळीच्या बैठकीतली मस्ती. पण भूपिंदरच्या आवाजातलं 'बादलों से' लागतं तेव्हा मला आजही पुढे ढकलावंसं वाटतं. गाणं म्हणून सुंदर, चित्रपटात उपरं.

'सत्या'चं खरं संगीत आहे संदीप चौटांचं पार्श्वसंगीत. ते वेगळ्या अल्बमच्या रूपाने बाजारात आलं होतं. आपल्याकडे पार्श्वसंगीत कोण विकत घेतो? लोकांनी घेतलं. आणि शेवटाला, विसर्जनाच्या गर्दीत गुंडाचा पुढारी झालेल्या भाऊ ठाकूरदास झवळेचा खून होतो तिथे समुद्र, माणसं आणि मिरवणुकीचा गदारोळ. 

पिटातला प्रेक्षक

'सत्या'चं नाव निघालंच आहे तर मीही निघतो. त्याच १९९८ साली, दोनच महिन्यांनी, आमचा 'गुंडा' आला. दिग्दर्शक कांती शाह. मिथुनदा. बुल्लाच्या भूमिकेत मुकेश ऋषी. आणि आपले मोहन जोशी! गुन्हेपट म्हणायचं तर यात जितके खून आहेत तितके 'सत्या', 'अर्धसत्य' आणि 'अंकुश' मिळून नसतील.

हसू नका, मी संगीताबद्दलच बोलतोय. 'गुंडा'ची गाणी कुणालाही आठवत नाहीत. आठवतात ते संवाद, कारण ते सगळे यमकात आहेत. प्रत्येक गुंड पडद्यावर येतो, आपलं नाव सांगतो आणि त्याला यमक जुळवून आपला धंदा सांगतो. लोक ते पाठ म्हणतात, कोरसमध्ये म्हणतात. म्हणजे समूहगानच की! लगावलीकाकांनी एकदा त्याचीही लगावली, म्हणजे लघू-गुरूंची मांडणी, करून दाखवावी. (शाळेत मात्र म्हणू नका.)

बाकी मिथुनदांच्या त्या सगळ्या पिक्चरची कहाणी एकच. दादा उटीला राहायचे, तिथे त्यांचं स्वतःचं हॉटेल. निर्मात्याने युनिट घेऊन तिकडेच जायचं, हॉटेलात उतरायचं, आसपास शूटिंग उरकायचं. गाण्यासाठी वेगळं लोकेशन कशाला, मागे डोंगर आहेच. त्यामुळे एका पिक्चरच्या गाण्यातला उतार दुसऱ्या पिक्चरच्या मारामारीत दिसतो. पैसा वाचायचा, पिक्चर लहान गावांतून वसूल व्हायचा, सगळे खूश. यात संगीतकाराने जीव ओतावा अशी अपेक्षा कोण करणार?

लगावली

'गुंडा'ची लगावली मांडायला मला सेवानिवृत्तीनंतर पुन्हा सेवेत यावं लागेल. हसून हसून पुरेवाट.

रेडिओवेडी

पिटातले, तुम्ही विनोदात म्हणालात पण मुद्दा बरोबर आहे. गाण्याला पैसा नसला की ताल दुसरीकडून फुटून निघतो. कुठे संवादात, कुठे कवितेत, कुठे रस्त्यावरच्या आवाजात.

गिरणगावकर

उशिरा आलो. वरची सगळी चर्चा वाचली, चांगली चाललीय, पण एक गोष्ट कुणी काढलीच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. 'अंकुश' आला तेव्हा त्या घरांतली पोरं विशीत होती. बाप घरी बसलेला, आई कुठेतरी धुणीभांडी किंवा खानावळ चालवणारी, आणि पोरगा नाक्यावर. ज्यांना या पोरांनी पुढे काय केलं ते माहीत नाही त्यांनी त्या काळातली गुन्हेगारीची पानं चाळावीत. आमच्या गल्लीत 'अंकुश' कुणी मारामारीसाठी पाहिला नाही. नाक्यावर बसलेली चार पोरं म्हणजे आम्हीच होतो, म्हणून पाहिला. पिटातले म्हणतात गाण्याला लोक उठून जायचे. या गाण्याला आमच्याकडचे उठले नाहीत.

आणि धागाकर्त्यांनी पहिल्या कडव्यावरच थांबू नये. प्रार्थनेत पुढे एक कडवं आहे जे शाळेत सहसा म्हणत नाहीत. 'हर तरफ जुल्म है, बेबसी है' असं सुरू होतं. जो तो भेदरलेला आहे, पापाचं ओझं वाढतच चाललंय, ही धरती तोललीय तरी कशी, असं पुढे आहे. ते कडवं म्हणजे १९८६ची मुंबई आहे. देवाची आळवणी करता करता मध्येच पंचनामा केलाय.

मास्तरीणबाई

गिरणगावकर, खरंच आम्ही ते म्हणत नाही. परिपाठाला पाच मिनिटं असतात, पहिली दोन कडवी झाली की प्रतिज्ञा. 'फूल खुशियों के' इथपर्यंत सगळं गोड गोड.

आत्ता पूर्ण गाणं काढून ऐकलं. अजून एक कडवं आहे आणि ते तर आम्ही कधीच शिकवलं नाही. आम्ही अंधारात आहोत, उजेड दे; वैरापायी स्वतःलाच हरवून बसू नये; केल्या कर्माची शिक्षा आम्हाला मिळो, आणि मरण आलं तरी ते आनंदाने सोसू.

नाक्यावरचा

बाई, हेच ते! हे कडवं त्या चौघांचं आहे. पहिलं कडवं तिचं, बदल्याची भावना नको म्हणणारं. ते त्यांनी मोडलं. शेवटचं त्यांचं, शिक्षा मिळो म्हणणारं. ते मात्र त्यांनी पाळलं, फासापर्यंत. अभिलाषांनी अख्खी पटकथा प्रार्थनेत भरून ठेवलीय.

पिटातले साहेब, आता बोला. हिशेब?

पिटातला प्रेक्षक

हिशेबच. पण चोख.

मी आज रात्री परत बघतो 'अंकुश'. गाण्याला उठणार नाही. गिरणगावकर, तुमच्याकडे चांगली प्रत असेल तर सांगा, माझ्याकडच्या सीडीत मधली गाणी कुणीतरी कापलीत.

गिरणगावकर

आहे. व्यक्तिगत निरोप करा.